दर्या नसलेला सागरी किल्ला

माझ्या भाच्याचं स्वतःचं राज्य आहे, शंभर पानी वहीत. त्यात उडणारे बैल आहेत, तीन चंद्र आहेत, आणि राजधानी म्हणजे भर समुद्रातल्या खडकावरचा पडका किल्ला. आता, पोराचं गाव दर्यापूरजवळ. दर्या काय तो नावातच! 'मामा, मले समुद्र दाखव' म्हणून त्यानं पिच्छा पुरवला. कोकण काही खिशाला जमेना, म्हणून ऑगस्टातल्या एका रविवारी त्याला बाईकवर बसवला आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला गाठला.

अंजनगाव सुर्जीला चहा, परतवाड्याला पेट्रोल. पुढे घाटात पावसानं असं धुतलं की चिखलदऱ्याला पोचेस्तोवर डब्यातल्या भाकरीचा लगदा झाला होता. (डब्याचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं. हे ताईला सांगू नका.)

किल्ल्यात शिरलो तर दहा हातांवरचं दिसेना. दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय, चोचींत हत्ती. शेवाळानं हिरवागार, पंखांवरून पाणी ठिबकत होतं. किल्ला १४२५ च्या सुमारास बहामनी अहमदशहानं बांधवला, पुढे वऱ्हाडातल्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लानं दुरुस्त केला. हा गडी मूळचा विजयनगरकडचा. तिकडचा पक्षी वऱ्हाडात कसा, याचं उत्तर बहुतेक इथंच असावं. भाच्याला इतिहासाशी घेणंदेणं नव्हतं. तो पक्ष्याच्या पोटाखाली उभा राहून म्हणाला, "माह्या बैलाईपेक्षा हा भारी हाय बे!" मामाला 'बे' म्हणतात का, हा विषय तिथंच सोडला.

तटावर आलो. खालची दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. पोरगं बराच वेळ गप्प. मग म्हणालं, "तिन्हीकडून असं खोल, मंग हा किल्ला पडला काऊन?"

मी त्याला उत्तरेकडं नेलं. तिथं कडा नाही, डोंगराची चिंचोळी पट्टी किल्ल्याला पठाराशी जोडते. १८०३ च्या डिसेंबरात, किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे असताना, इंग्रजांच्या स्टीव्हन्सनच्या फौजेनं जंगलातून, डोंगरातून तोफा ओढत आणल्या त्या याच बाजूला. बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आतला तट मात्र अडला, तेव्हा एक तुकडी शिडी लावून चढली आणि तिनं आतून दार उघडलं. तारीख १५ डिसेंबर. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला, वऱ्हाड हातचं गेलं. पुढे १८५८ मध्ये तात्या टोपेंच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनीच तटबंदी पाडली. म्हणजे जे पडकं आपण 'काय भारी' म्हणत फोटोत घेतो, त्यातलं बरंचसं काळानं नव्हे, मुद्दाम पाडलेलं.

उतरून भुट्टे घेतले. टपरीतल्या बाकावर त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली, समुद्रातल्या किल्ल्याला एका बाजूनं जमिनीची पट्टी जोडली आणि विचारलं, "किती रुंद ठेवू?"

"तोफ ओढता येईल एवढी."

त्यानं थोडं खोडून ती आणखी बारीक केली.