कार्तिकीला मुल्की, असं ठरतंय

गुरुवार, रात्री उशिरा

बंड्याबरोबर सर्फिंगला जायचंय, पण सुट्टीचा अर्ज आजही टाकला नाही. पोर्टलवर 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने आहेत, ते भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही, आणि लाटांचं म्हणाल तर त्यांचा भरवशाचा अंदाज येतो जेमतेम पाच-सहा दिवस आधी. त्यात रेल्वेचं रिझर्वेशन उघडतं 60 दिवस आधी (पूर्वी 120 होतं, नोव्हेंबर 2024 पासून कमी केलं, तेवढंच आपल्या बाजूने). म्हणजे तिकीट काढते त्या दिवशी, ज्या लाटेवर मी उभी राहणार आहे ती अजून जन्मालाच आलेली नसते. हे बंड्याला सांगितलं तर म्हणे ताई तू फार विचार करतेस, समुद्र आहे म्हणजे लाटा असणारच की.

असतात रे, पण कसल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ज्या चांगल्या, अंतर राखून येणाऱ्या लाटा असतात ना त्या इथल्या नसतातच, त्या पार खाली, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला जी वादळं होतात तिथून निघतात. 14 सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात दिवसाला साधारण 900 किलोमीटर कापते, म्हणजे तिकडून कर्नाटकापर्यंत यायला आठवडा तरी लागतोच. इथलाच वारा पाणी ढवळून ज्या लाटा करतो त्या पाच-सहा सेकंदांच्या, एकीतून सावरायच्या आत दुसरी तोंडावर. एक मीटरची लाट 6 सेकंदांची आणि एक मीटरचीच 14 सेकंदांची, उंची तीच पण ताकद दुपटीहून जास्त. त्यामुळे मी आता अंदाज बघताना उंचीचा आकडा नंतर आणि सेकंदांचा आधी बघते. हैदराबादच्या इन्कॉइसच्या (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर हे सगळं फुकट आहे, मच्छीमारांसाठी काढतात ते, पण मी रात्री झोपायच्या आधी शेअर बाजार बघावा तसं ते बघत असते, तेही अजून गाव पक्कं नसताना.

गाव मात्र आज पक्कं झालं. मुल्की.

बंड्याचा हट्ट गोव्याचा होता. दिवाळीनंतर गोव्यात काय परिस्थिती असते हे त्याला माहीत असून तो हे म्हणतो यातच त्याचा सर्फिंगमधला रस किती ते कळतं. श्रीलंकेत वेलिगामाला नवशिक्यांसाठी मस्त लाटा आहेत असं सगळेच म्हणतात, पण विमानाचं तिकीट बघून तो टॅब बंद केला. चेन्नईजवळच्या कोवलमला मी आधी गेलेली आहे, तिथेच पहिल्यांदा बोर्डवर उभी राहिले, पण तिथे वीकेंडला पाण्यात इतकी माणसं असतात की लाटेपेक्षा माणसं चुकवण्यात वेळ जातो. (बंड्याने कोवलम सर्च केलं तर त्याला केरळातलं सापडलं आणि अर्धा तास तो तिथली हॉटेलं मला पाठवत बसला.)

मुल्की उडुपी आणि मंगळूरच्या मधे. कोकण रेल्वेवर मुल्की, मग सुरतकल, मग ठोकूर, की संपली कोकण रेल्वे. आम्ही ठाण्याचे, मत्स्यगंधा दुपारी ठाण्याला पकडायची की सकाळी उडुपी, तिथून पुढे तीसेक किलोमीटर. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते, एका बाजूला खाडीचं शांत पाणी, माड, कांदळवन, दुसऱ्या बाजूला लाटा, आणि गाव आपलं मासेमारी करत बसलेलं. भारतातलं सर्फिंग बऱ्यापैकी इथूनच सुरू झालंय हे मला कोवलमला कळलं होतं. जॅक हेबनर नावाचे अमेरिकन कृष्णभक्त, ज्यांना सगळे सर्फिंग स्वामी म्हणतात, त्यांनी 2004 साली इथे मंत्र सर्फ क्लब काढला. आश्रम आणि सर्फ स्कूल एकत्र, सकाळी जप आणि मग लाटा. शेजारच्या ससिहित्लुला 2016 च्या मे अखेरीस इंडियन ओपन ऑफ सर्फिंग भरवली होती. मे अखेर म्हणजे पावसाच्या तोंडावर, तेव्हा समुद्र असा काही उठतो की बघायला जावं, शिकायला नाही. आमच्यासारख्यांनी दसरा-दिवाळी होऊ द्यावी, पाणी निवळू द्यावं, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही तोवर संपलेलं असतं, नाहीतर गाड्या रांगत चालतात.

आता तारीख. इथे माझी ट्यूब पेटली ती किचनमधल्या कालनिर्णयसमोर उभं राहून. लाट दोन महिने आधी कळत नाही, बरोबर, पण भरती-ओहोटी तर कळते! आजोबा मालवणला तिथीवरून भरती सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईलाही हे बऱ्यापैकी जुळतं. मुल्की खूप दक्षिणेला, तिथे भरती तास-दीड तास आधी येते असं धरलं तर एकादशीची सव्वाआठची भरती तिकडे सातच्या आसपास. आणि मला सकाळी सातच हवेत, कारण पहाटेपासून मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ते लाटेला समोरून थोपवून धरतात, लाट उभी राहते, गुळगुळीत राहते. दहा-अकरा वाजले की खारे वारे सुरू, की सगळा विस्कोट. शिवाय ओहोटी जोरात असताना नदीच्या मुखाशी पाणी बाहेर ओढतं, तिथे नवख्याने जाऊच नये, भरतीच्या आगेमागे तासभर बरा. उधाण-भांगाची (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी आणि अष्टमीच्या आसपासची लहान) तशी फार काळजी नाही, मुंबईला उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, मंगळूरकडे दीड मीटरच्या आतबाहेरच.

म्हणजे वारा बसला, भरती बसली, राहिली फक्त लाट. तीनातल्या दोन गोष्टी हातात आल्या की मी समाधानी. दिवाळीनंतरची एकादशी बघितली तर कार्तिकी. आईला सांगितलं तर ती इतकंच म्हणाली, लोक त्या दिवशी पंढरपूरला जातात. मी म्हटलं तिथे आश्रम आहे. त्यावर तिने जे बघितलं ते लिहीत नाही.

आईची खरी भीती पाण्याची. मालवणच्या बाईला समुद्राची भीती वाटते याचं बाहेरच्यांना नवल वाटेल पण ज्यांच्या घरातली माणसं समुद्रावर गेली आहेत त्यांनाच ती वाटते. तिला समजावलं की बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो, कमरेएवढ्या पाण्यात फेसाळ लाटांवरच शिकवतात, आणि ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. शेवटचं वाक्य सांगायला नको होतं बहुतेक, कारण तिने लगेच विचारलं, म्हणजे ओढ लागते?

बंड्याला तिथे सहा फुटी बोर्ड हवाय, व्हिडिओतल्यासारखा. त्याचं वजन मी इथे लिहीत नाही पण त्याला नऊ फुटी फोमचाच मिळणार आहे. बोर्ड किती लिटरचा आहे त्यावर तो किती वजन उचलणार ते ठरतं, आणि नवशिक्याला जेवढा मोठा तेवढा बरा, त्यात लाज कसली. घरी चटई टाकून उठायचा सराव चाललाय आमचा, पालथं पडायचं, हात छातीपाशी, आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभं राहायचं. जमिनीवर त्याला जमतं. गुडघा टेकवतो मधेच, तो मोडायचाय.

पण सगळ्यात मोठा वाद अजून मिटलेलाच नाही, तो म्हणजे राहायचं कुठे. आश्रमात राहिलं तर लाटा दारात, शिकवणारे दारात, पण जेवण शुद्ध शाकाहारी. आणि आम्ही चाललोय कुठे तर तुळुनाडात, म्हणजे तुळू बोलणाऱ्यांच्या किनाऱ्यावर, जिथे बांगड्याची आंबट-तिखट पुळीमुंची, नीर दोसा, तिसऱ्यांचं सुकं, नगलीची रवा फ्राय. मालवणच्या माणसाने तिथे जाऊन वरणभात खायचा? माझं म्हणणं एकादशी धरून दोन दिवस आश्रम आणि मग गावात खोली. बंड्या म्हणतो उलट, आधी मासे, कारण नंतर अंगात त्राण राहणार नाही. त्याला म्हटलं अरे मग ती एकादशी मासे खाण्यातच गेली, भरतीचं गणित कोणासाठी मांडलं मी? तर म्हणे द्वादशीला पाऊण तास उशिरा येते ना भरती, चालेल की, जरा झोपता येईल.

ते मात्र बरोबर आहे त्याचं. द्वादशीचं सकाळचं गणित पुन्हा मांडून बघितलं, पावणेआठ येतात, वारा तोवर टिकायला हरकत नाही. त्रयोदशीला मात्र साडेआठ, तिथून पुढे उशीर. म्हणजे एकादशी, द्वादशी पाण्यात आणि त्रयोदशीला मासे खाऊन परतीची गाडी, असा नवा प्रस्ताव मी आत्ता त्याला पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. रिझर्वेशन सकाळी आठला उघडतं, त्या दिवसाचा अलार्म मात्र दोघांच्याही फोनवर लावून ठेवलाय.