फ्लॅट टॉप्समध्ये एल्कच्या मागावर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरहून आय-७० महामार्ग धरून पश्चिमेला साधारण २९० किलोमीटर गेलं की रायफल नावाचं गाव लागतं. शिकारीला निघालेल्यांना हे नाव गंमतीचं वाटतंच. तिथून १३ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला मीकर, आणि पुढे व्हाइट नदीच्या काठाकाठाने पूर्वेला फ्लॅट टॉप्सचं रान. जगात सर्वाधिक एल्क कोलोरॅडोत आहेत आणि त्यांचा फार मोठा कळप याच खोऱ्यात असतो. एल्क हा आपल्या काश्मिरी हंगुलचा भाऊबंद, पण पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. इथल्या राखीव रानात मोटारीला बंदी आहे. म्हणजे जे माराल ते पाठीवर नाहीतर घोड्यावर. तळच ३,००० मीटर उंचीच्या आसपास पडतो, म्हणून विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस मी नुसता चालतो.

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-प्रशिक्षणाचा दाखला लागतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार-परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. आधी परवाना, मग रायफलला हात.

धनुष्याचा हंगाम सप्टेंबरात, नर माजावर असताना. धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड हवा असं नियम म्हणतो, पण एल्कसाठी मी ६०च्या खाली जात नाही. बाणाच्या पात्याची रुंदी किमान ७/८ इंच. बिगुलासारखी हाक आणि मादीचा आवाज काढायची शिट्टी सगळेच घेतात, पण बहुतेकांची शिकार वाऱ्यापायी हुकते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली येते, ऊन चढलं की वर जाऊ लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी कळप कुरणातून वरच्या झाडीत विसाव्याला निघतो, तेव्हा मी त्याच्या खालून मागे राहतो. नऊ-दहाच्या सुमारास हवा पलटते. ती डळमळत असेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, मग लांबून वळसा घालून वरच्या अंगाला जायचं. खिशात बारीक भुकटीची बाटली ठेवा आणि दर पाच मिनिटांनी दाबून भुकटी कुठे उडते ते बघा. तुमची चाहूल लागली तर एल्क कधीकधी थबकतो, वास लागला तर तो डोंगर ओलांडून जातो.

बाण सोडायचा तो सावज आडवं किंवा किंचित पाठमोरं असतानाच, पुढच्या पायामागे. समोरून नाही. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस लागलंय, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट, घाण वासाचं म्हणजे कोथळा, आठ-दहा तास. घाईने मागे लागलात तर बसलेलं जनावर उठतं आणि माग तुटतो.

रायफलचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून. तेव्हा कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची. हरणाला .२४३ काडतुसाची रायफल पुरते, एल्कला .३०-०६ची आणि १८० ग्रेन वजनाची गोळी बरी. २०० यार्डांवर नेम बसवला तर ३००वर गोळी आठ-नऊ इंच खाली पडते.

खरी मेहनत त्यानंतर. पोट न फाडता पाठीच्या कण्यावरून कातडं सोलायचं. पुढचा पाय सांध्याविनाच सुटतो. मग पाठीची पट्टी, मागची मांडी खुब्यातून, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली पट्टी. मग जनावर उलटून दुसरी बाजू. सप्टेंबरात दुपारी मांडीच्या हाडाजवळचं मांस आतल्या आत आंबतं, कारण जाड थरातून ऊब बाहेर पडत नाही. हाडापर्यंत चीर द्या, नाहीतर हाड काढूनच टाका, आणि मांस जाळीच्या पिशव्यांत भरून सावलीत टांगा. लिंगाची खूण मात्र एका तुकड्यावर राहू द्यावी लागते. ती कापून टाकली की तपासणीत दंड. हाडाविना मांस ८०-९० किलो भरतं, म्हणजे एकट्याच्या चार खेपा. शिंगं शेवटच्या खेपेला.