कोडाईकनालला ओझोन मोजायला जाताय? दुपारवर विसंबू नका

जानेवारीत कोडाईकनालचं आकाश दिवसभर निळंशार असतं, असं निघण्याआधी मला ज्याने त्याने सांगितलं. सकाळी साडेदहापर्यंत ते अगदी खरं आहे. त्यानंतर दरीतून धुकं वर चढतं, आणि ट्रोपोमी हे ओझोन मोजणारं उपकरण घेऊन फिरणारा उपग्रह डोक्यावरून जातो दुपारी दीड-दोनच्या सुमारास. जमिनीवरचा ओझोनचा आकडा उपग्रहाशी ताडून बघायला जाणाऱ्याची सगळी मेहनत इथेच वाया जाते, म्हणून हे लिहितोय. मायक्रोटॉप्स (सूर्यावर रोखून ओझोन मोजायचं हातात मावणारं यंत्र) हाताळता येतो आणि त्याचं कॅलिब्रेशन ताजं आहे, हे गृहीत धरलंय.

एवढ्या लांब जायचं कशाला, असं घरचेही विचारत होते. एक तर २३४३ मीटर उंचीवरच्या तिथल्या सौर वेधशाळेत १९०१ पासून सूर्याचे वेध घेतले जाताहेत, आणि कोडाईत डॉबसन या जमिनीवरच्या यंत्राने अनेक दशकं एकूण ओझोन मोजला गेलाय. दुसरं म्हणजे ही पडताळणी मला मनापासून महत्त्वाची वाटते. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५ साली फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जगासमोर आणलं ते हॅली तळावरच्या डॉबसनच्या नोंदींवरून. निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्स या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाने ते कमी आकडे टिपले होते, पण ते संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. यंत्र सूर्यावर रोखून जमिनीवर उभं राहणारं माणूस लागतंच.

कोडाई रोड स्टेशनबाहेरच्या टॅक्सीबद्दल आधी सांगतो, कारण त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. भाडं खाली ठरलं. बॅटलगुंडू मागे पडलं, घाट सुरू झाला आणि चालकाने ट्रायपॉडच्या पिशवीकडे बोट दाखवून ‘शूटिंगचं सामान’ म्हणत हजार रुपये वाढवून मागितले. घाटात दुसरी गाडी मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. द्यावे लागले. तुम्ही ट्रायपॉड कपड्यांच्या बॅगेत घाला आणि भाडं ‘सामानासकट’ असं कागदावर लिहून घ्या. बस मिळत असेल तर सरळ बस धरा. गाडीने वर जायला लागणारा ई-पास घरूनच काढा. पाच लिटरखालच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना वर बंदी आहे, स्टीलची बाटली न्या.

आता दुपार. कोकर्स वॉकवर, म्हणजे कड्याच्या काठच्या पायवाटेवर यंत्र लावा, क्षितिज मोकळं आहे, असा सल्ला मिळाला होता. तो साफ चुकीचा आहे. धुकं सगळ्यात आधी त्याच कड्यावरून वर येतं. खिडकीतला सूर्याचा ठिपका क्रॉसवर आणायचा, बटण दाबायचं आणि तेवढ्यात ठिपका फिका पडायचा. पाठोपाठची रीडिंग २३८, २५१, २२९ डॉबसन (एकूण ओझोन मोजायचं एकक). ओझोन मिनिटाभरात असा उड्या मारत नाही. यंत्र ३०५, ३१२ आणि ३२० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं गुणोत्तर काढतं. ढग एकसारखा असता तर तो गुणोत्तरातून बराचसा वजा झाला असता, पण वाहतं धुकं मोजणी चालू असतानाच बदलतं. अशी रीडिंग सरासरी काढून वाचवू नका, टाकून द्या. उपग्रहाचीही तीच गत. ढगाखालचा ओझोन त्याला दिसत नाही, तिथला वाटा तो अंदाजाने भरतो. म्हणजे दुपारच्या धुक्यात तुम्ही एका अंदाजाशी दुसरा अंदाज जुळवत बसता.

माझं ठाम मत: सकाळी नऊ ते साडेदहा मोजा. नऊच्या आत सूर्य फार खाली असतो आणि ३०५चा सिग्नल क्षीण येतो. उष्ण कटिबंधात एकूण ओझोन काही तासांत फारसा हलत नाही, त्यामुळे सकाळचा स्वच्छ आकडा दुपारच्या गढूळ आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. वेळेतला फरक मात्र वहीत लिहून ठेवा.

पूंबाराई आणि मन्नवनूरला एक दिवस दिला. छान आहे. लसूण घ्या.

खरा धक्का रात्री उपग्रहाची फाइल उघडल्यावर बसला. माझा सकाळचा आकडा २३८ आणि ट्रोपोमीचा २४६. पुण्यात हाच मायक्रोटॉप्स उपग्रहाशी दोन-तीन डॉबसनच्या फरकाने जुळतो, म्हणून आधी यंत्राचाच संशय आला. पण पुण्याभोवती पठार आहे, कोडाईला कडा आहे. ट्रोपोमीचा पिक्सेल, म्हणजे जमिनीच्या ज्या तुकड्याचा तो एकच आकडा देतो तो, उपग्रहाच्या ऐन खाली ५.५ गुणिले ३.५ किलोमीटरचा असतो आणि पट्ट्याच्या कडेला आणखी पसरतो. फाइलमध्ये पृष्ठभागाच्या उंचीचा रकाना असतो. त्या दिवशीच्या पिक्सेलची सरासरी उंची होती साधारण ७०० मीटर, आणि मायक्रोटॉप्सच्या पडद्यावर हवेचा दाब दिसत होता ७७२ मिलिबार. मधल्या दीड किलोमीटरभर हवेतला ओझोन उपग्रहाने मोजला आणि मी मोजलाच नाही, तो माझ्या पायाखाली होता. हिशोब सोपा आहे. सगळ्या वातावरणात एक अब्जांश भाग ओझोन म्हणजे ०.८ डॉबसन. दाबातला फरक १६० मिलिबारच्या आसपास, म्हणजे वातावरणाचा जवळजवळ सहावा हिस्सा. खालच्या हवेत ओझोन ३५-४० अब्जांश धरला तर चार-पाच डॉबसन निघतात. उरलेले तीन-चार या छोट्या यंत्राच्या चुकीच्या मर्यादेत बसतात.

ओमी या उपग्रहावरच्या दुसऱ्या, जुन्या उपकरणाची फाइल घेणार असाल तर आणखी जपून, त्याचा पिक्सेल १३ गुणिले २४ किलोमीटरचा आहे आणि त्यात मैदान जास्तच शिरतं. यंत्र सुरू करताना झाकण बंद ठेवा, घड्याळ युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) लावा आणि दाब प्रत्येक रीडिंगसोबत हाताने टिपा. फाइलमधला उंचीचा तो रकाना नसता तर माझा फरक मला कधीच उलगडला नसता. मुक्कामाला कड्यापासून आत, तळ्याच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे उघडी गच्ची असलेली खोली शोधा. भाडं ठरवण्याआधी गच्चीची किल्ली सकाळी मिळेल का, ते विचारा.