लुइसची पाच नोव्हेंबर आणि रॉकेलचा वास

शेजारणीच्या गॅरेजमधून रॉकेलचा वास आला आणि क्षणभर वाटलं, आईने स्टोव्ह पेटवलाय. डोकावून पाहिलं तर बाई काठ्यांना गोणपाट गुंडाळून तारेने करकचून आवळत होत्या. पलिते! पाच नोव्हेंबरच्या मिरवणुकीचे.

गाय फॉक्सचा लंडनचं पार्लमेंट उडवायचा, १६०५ च्या पाच नोव्हेंबरला फसलेला कट इथे सगळ्यांना माहीत असतो. पण इंग्लंडच्या ससेक्समधल्या आमच्या लुइस गावाची जखम त्याहून जुनी आहे. १५५५ ते १५५७ मध्ये, कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात, इथे १७ प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळलं. त्यांच्या नावाने दर वर्षी १७ जळते क्रूस मिरवतात. काही जण पोपचा पुतळाही जाळतात. ते मला आजही पाहवत नाही.

पूर्वी ही नुसती दांडगाई होती. १८४७ साली लंडनहून पोलीस आणावे लागले होते. मग १८५३ मध्ये क्लिफ आणि बरो या मिरवणूक काढणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि हुल्लडीला शिस्त आली. वर्गणी, पदाधिकारी, वर्षभर बैठका, प्रत्येकीचे वेगळे पट्ट्यांचे स्वेटर: क्लिफचे काळे-पांढरे, बरोचे निळे-पांढरे. आपली मंडळंच की! पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो १८९३ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

मला सगळ्यात भावली ती मिरवणुकीमागून येणारी लोखंडी गाडी. लोक जळून गेलेले पलिते रस्त्यावर टाकतात आणि मागची माणसं ते उचलून गाडीत भरत जातात. धूर डोळ्यांत, हातमोजे काळेकुट्ट, पण एकही जण वाकायला कंटाळत नाही. त्यांचा फोटो कुणी काढत नव्हतं. विसर्जनानंतर पहाटे रस्ता झाडणारी आमच्या मंडळाची पोरं आठवली. तीही कुणाला दिसत नाहीत.

म्हणूनच ऑफिसात गणपतीचा व्हिडिओ पाहून एकाने "एवढा गोंगाट कशाला?" विचारलं, तेव्हा मला राग आला. इथे त्या रात्री दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकतात, संध्याकाळनंतर रेल्वेगाड्या स्टेशनात थांबत नाहीत, फटाक्यांनी कान बधिर होतात. त्याला परंपरा म्हणायचं आणि आमच्या ढोलाला गोंगाट? डॉल्बीची बाजू मी घेणार नाही. ढोलाची घेईन.

यंदा शेजारणीने मलाही गोणपाट दिलं. पहिले दोन पलिते सैल झाले, ते तिने उकलून पुन्हा बांधायला लावले. बारा झाले. रात्री आईला फोन लावला तेव्हा हाताला रॉकेलचा वास होताच.