बूस्ट कन्व्हर्टरचा तो पितळी स्क्रू – माझा अनुभव

काम अगदी छोटं होतं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. गुरुवार उजाडला की मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट जाणार, कधी दोन तास कधी पाच, आणि माझं घरून काम, कॉल पण नेमका गुरुवारीच. लॅपटॉप चालतो बॅटरीवर, राउटर मात्र लगेच डोळे मिटतो. त्याला लागतात १२ व्होल्ट, घरात पडलेली पॉवर बँक देते ५. म्हटलं मधे एक बूस्ट कन्व्हर्टर टाकू, ५ चे १२ करू, विषय संपला. राउटरचे तयार यूपीएस मिळतात हे मलाही माहितीये, बायकोनं तेच सांगितलं होतं, पण हाताला खाज असली की कोण ऐकतंय.

तपकीर गल्लीतून, म्हणजे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, एमटी३६०८ चिपचं बूस्ट मोड्यूल आणलं, साठ रुपये. अंगठ्याएवढी पट्टी, इनपुटला दोन भोकं, आउटपुटला दोन, मधे कॉइल आणि एक निळा डबा, त्याच्यावर बारीक पितळी स्क्रू. सोबत कागद वगैरे काही नाही, नुसती प्लास्टिकची पिशवी. वायरी सोल्डर केल्या, पॉवर बँक लावली, आउटपुटला मल्टिमीटर धरला. ४.८ व्होल्ट.

बरं, म्हटलं आता स्क्रू फिरवायचा. उजवीकडे एक चक्कर, दोन, तीन. ४.८. डावीकडे तेवढंच. ४.८. परत उजवीकडे. मीटरची बॅटरी बदलली, प्रोब बदलले, सोल्डर परत मारलं, तरी तेच. अर्धा तास तो आकडा बघून मला तो पाठ झाला. शेवटी ठरवलं की मोड्यूल मेलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी परत गल्लीत. आता बुधवार पेठेत गाडी लावणं म्हणजे काय ते ज्यानं लावलीये त्यालाच कळेल, आज पी१ का पी२ (सम-विषम तारखेचं पार्किंग) हे बघायचं, मग जागा शोधायची, मग गाडी उचलून नेतील या धाकात पळत दुकान गाठायचं. दुकानदार मोड्यूलकडे न बघताच म्हणाला, ‘दादा, सोल्डर मारलंय तुम्ही, आता परत नाही घेता येणार. चेक करून घ्यायचं ना.’ अहो पण चेक कुठे करू, काउंटरवर ना सप्लाय ना मीटर! ‘साठ रुपयांसाठी कशाला डोकं लावता, नवीन घेऊन जा.’ घेतलं. घरी आलो. ४.८. जुनं मोड्यूल रागानं कचऱ्यात टाकून मी मोकळा झालो होतो, त्याचं आजही वाईट वाटतं, कारण पुढे वाचा.

तिसऱ्या फेरीत शहाणपणा केला, दुसऱ्या दुकानातून घेतलं, म्हटलं त्या दुकानाचा लॉटच खराब असणार. त्यानं तर सत्तर घेतले. ४.८. आता मात्र मी पॉवर बँकेवर संशय घ्यायला लागलो, मोबाइलच्या चार्जरवर लावून बघितलं, तिथे ४.९. म्हणजे जेवढं आत जातंय त्याच्यापेक्षा थोडं कमीच बाहेर येतंय. हीच खरी खूण होती आणि तीच मला वाचता आली नाही. बूस्टमधे इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून सरळ रस्ता असतो, चिपनं काहीच काम केलं नाही तरी इनपुटच्या व्होल्टेजमधला थोडा भाग डायोड खातो आणि बाकीचा तसाच पुढे येतो. म्हणजे ४.८ दिसतंय याचा अर्थ मोड्यूल मेलंय असा नाही, तर त्याला अजून कुणी वाढवायला सांगितलेलं नाही असा आहे.

हे मला कळलं आमच्या बिल्डिंगमधल्या काकांमुळे. त्यांनी वीसेक वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. खाली पार्किंगमधे भेटले, मी रडगाणं गायलो.

‘स्क्रू किती फिरवलास?’

‘दोन्हीकडे दोन-तीन चक्कर.’

‘अरे तो काय रेडिओचा आवाज आहे का? मल्टिटर्न प्रीसेट असतं ते, पंचवीस चक्कर! डावीकडे फिरवत रहा, थांबू नकोस.’

वर येऊन बसलो आणि मोजत फिरवला. एक, दोन, तीन, काही नाही. चौथ्यालाही काही नाही, पाचव्याच्या मधे कुठेतरी मीटर हलला. ५.३. मग ६.४, ७.५, अक्षरशः दर चक्कराला एक-सव्वा व्होल्ट. साडेदहाच्या आसपास १२.० आलं तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो. आणि लगेच चिडलो. तीन फेऱ्या, पेट्रोल, एक चांगलं मोड्यूल कचऱ्यात, आणि कारण काय तर मी दर वेळी एक-दोन चक्कर आधी थांबत होतो. पिशवीत दोन ओळींची चिठ्ठी टाकायला किती पैसे पडतात?

नंतर हिशोब घातला तर सगळं बरोबर बसलं. निळा डबा म्हणजे स्क्रूनं कमी-जास्त होणारा रेझिस्टर, त्याच्यावर १०४ लिहिलंय म्हणजे १०० किलोओहम, पंचवीस चक्कर, म्हणजे चक्कराला ४ किलोओहम. चिप फीडबॅकच्या पायावर, म्हणजे जिथून ती आउटपुट किती आहे हे बघते तिथे, ०.६ व्होल्ट राखते, खालचा रेझिस्टर माझ्या बोर्डावर २.२ किलोओहमचा, त्यावर २२२ लिहिलेलं असतं. ५ व्होल्ट यायलाच वरती, म्हणजे निळ्या डब्यात, १६ किलोओहम लागतात, म्हणजे टोकापासून पहिले चार चक्कर फुकट, कारण बूस्ट इनपुटच्या खाली येऊच शकत नाही. तुमच्या बोर्डावर आकडे वेगळे असतील तर चक्करही बदलतील. आणि स्क्रू टोकाला पोचला की बारीक टिक टिक होतं, तुटत नाही, नुसता घसरतो. मी उजवीकडे फिरवताना ते टिक टिक ऐकलं होतं आणि घाबरून थांबलो होतो.

राहिलंच, व्होल्टेज लोड न लावता आधी सेट करा, मगच राउटर जोडा. स्क्रू पूर्ण टोकाला नेला तर हे मोड्यूल २७-२८ व्होल्टपर्यंत जातं, १२ च्या राउटरला तेवढे द्यायचे नसतात. आणि मीटर धरताना प्रोब घसरू देऊ नका. माझा घसरला, प्लस-मायनस टेकले, तो सरळ रस्ता आहे ना तिथून सगळा करंट गेला, कॉइलमधून धूर आणि दुसरं मोड्यूल खलास. हे मात्र खरंच मेलं.

राउटर जोडल्यावर अजून एक नाटक झालं. दिवे लागायचे, विझायचे, परत लागायचे. इथे आउटपुटला मीटर लावला तर सुरू होताना ८ पर्यंत खाली येत होतं. यावेळी मोड्यूलला शिव्या न देता आधी इनपुट मोजलं, तिथेच ४.१. दोष केबलचा, मोबाइलसोबत आलेली लांब बारीक केबल कापून वापरली होती. राउटर १२ व्होल्टवर अर्धा अँपियर खात असेल तर ते ६ वॉट, मधलं नुकसान धरून ५ व्होल्टच्या बाजूला जवळपास दीड अँपियर जातो, बारीक तारेत तो व्होल्टेज पाडतो, आणि व्होल्टेज पडला की बूस्ट अजून करंट ओढतो. आखूड जाड केबल लावली, आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर टाकला, बंद पडायचं थांबलं. या मोड्यूलच्या जाहिरातीत २ अँपियर लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टला २ अँपियर मिळतील असं धरून बसू नका. खरोखर १ अँपियर खाणारा राउटर असेल तर हे पुरणार नाही. एक्सएल६००९ चिपचं मोड्यूल दणकट आहे, पण त्याला निदान ५ व्होल्ट लागतात, पॉवर बँकेवर ते अगदी काठावर चालणार. दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमधे असतील तर बरं, त्यांना बीएमएस, म्हणजे सेल जपणारं सर्किट, मात्र लावाच.

जॅक लावताना राउटरवरचं मधे प्लस का बाहेर प्लस हे चित्र बघा. स्क्रूवर बायकोचं नेलपॉलिश लावून टाकलंय, म्हणजे हलणार नाही, आणि विचारून लावलं.

गेल्या गुरुवारी अकराला लाइट गेली, मी केबल बदलली, राउटर दोन मिनिटांत परत उठला आणि कॉल पूर्ण झाला. मोड्यूल गरम होतं, बोट ठेवता येईल इतपत. काकांना वर बोलवून दाखवलं, त्यांनी मोड्यूल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, ‘फ्यूज कुठेय?’