आर्ब्रोथचा दिवा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचे लहानसे बंदर आहे. बाबा तेथे डॉक्टर होते, म्हणून 1971 ते 1979 अशी आठ वर्षे आमचे बिऱ्हाड त्या गावात होते. बाबा गेल्यानंतर आईने एकच इच्छा बोलून दाखवली होती, आणि म्हणून या सप्टेंबरात 81 वर्षांच्या आईला घेऊन मी आर्ब्रोथला गेले. एडिनबरापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. पुढे आगगाडी टे नदीच्या पुलावर आली, तेव्हा 1879 च्या वादळात गाडीसकट कोसळलेल्या जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे पाण्याबाहेर डोकावताना दिसले. बाबा दर खेपेस ते आम्हा मुलांना दाखवीत. या वेळी आईने ते मला दाखवले.

उतरण्याच्या जागेने मात्र मनस्ताप दिला. आईचे गुडघे दुखतात, तळमजल्यावरची खोली हवी, असे आधी दोनदा कळवूनही आम्हाला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. अरुंद जिना चढताना आई तीनदा थांबली आणि माझा संताप अनावर झाला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर आम्ही स्मोकी घेतली. डोके काढून खारवलेले हॅडॉक मासे शेपटीशी जोडीजोडीने बांधून लाकडाच्या धगीवर टांगतात आणि वरून ओले गोणपाट टाकून धूर कोंडतात. कागदावरची ती सोनेरी, गरम जोडी आईने सोडवली, एक मासा उघडा करून कण्यावरून अंगठा दाबत नेला आणि अख्खा काटा अलगद उचलून बाजूला ठेवला. मालवणच्या घरी आजी बांगड्याचा काटा अगदी असाच काढायची.

तेथून जवळच सिग्नल टॉवर आहे. किनाऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटर आत, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या बेल रॉक या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या देखरेखीखाली दीपस्तंभ उभा राहिला आणि 1811 मध्ये त्याचा दिवा लागला. तेथील रखवालदारांची कुटुंबे किनाऱ्यावरच्या या इमारतीत राहत आणि इमारतीवरून खडकाशी खुणांनी बोलणे चाले. आता तेथे संग्रहालय आहे. रखवालदाराला मूल झाले की मुलगा असल्यास पाटलोण आणि मुलगी असल्यास परकर खांबावर चढवीत, असे तेथे सांगतात. ते ऐकून सगळे हसले. आईने मात्र माझ्याकडे वळून मराठीत विचारले, “आणि कोणी गेले तर काय चढवायचे, ते विचार ना त्यांना.”

मी विचारले. तिथल्या बाईंना ते ठाऊक नव्हते, पण त्यांनी आईला बसायला खुर्ची आणून दिली आणि त्या बराच वेळ काही न बोलता तिच्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांचे हे आतिथ्य मी विसरणार नाही.

1976 च्या हिवाळ्यात मालवणला आजी गेली. आई परक्या देशात दोन लहान मुलांसह एकटी, बाबा रात्रपाळीवर. तिला एकदम धक्का नको म्हणून मामांनी तार केलीच नाही, पत्र टाकले. ते निळे पत्र अकराव्या दिवशी आले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आईने उभ्या उभ्या पत्र वाचले, अशुभ वार्तेचे पत्र घरात ठेवायचे नसते म्हणून लगेच फाडले, कडाक्याच्या थंडीत डोक्यावरून पाणी घेतले आणि ओल्या केसांनी आमच्यासाठी भात लावला, एवढे मला आठवते. ते अकरा दिवस काय होते, हे तिने मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा सांगितले. त्याच दिवसांत तिने धाकट्याचा वाढदिवस केला होता, केक आणला होता, नवी साडी नेसली होती. “आई गेलेली आणि मी नटलेली,” ती म्हणाली. या एका गोष्टीसाठी तिने मामांना आजवर माफ केलेले नाही आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही.

त्या रात्री धुके नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बेल रॉकचा दिवा स्पष्ट दिसत होता. त्याची उघडझाप दर 5 सेकंदांनी होते. आई पलंगावर न जाता खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि हलक्या आवाजात मोजू लागली. पाच म्हणता म्हणता दिवा चमके आणि ती पुन्हा एकपासून सुरुवात करी. मी तिच्या गुडघ्यांवर शाल घातली आणि खोलीतला दिवा मालवला.