ओट्याची कड घरीच घोटली

स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याच्या कडेला आकार कोणता द्यायचा, यावर आमच्या घरी जेवढा खल झाला त्याच्या निम्मा जरी ती घोटायची कशी यावर झाला असता, तरी बरं झालं असतं. नवऱ्याला फुल राउंड हवं होतं. मी नाही म्हटलं. पूर्ण गोल कडेवरून पाणी वळसा घेत थेट खाली जातं आणि कपाटाच्या दारांवर उतरतं. म्हणून समोरचा भाग सरळ ठेवला, वरची धार जेमतेम तीन मिलिमीटर गोलावली, खालची फक्त बोथट केली. शिवाय दगडाच्या खालून, कडेपासून बोटभर आत, एक उथळ खाच काढली. पाणी आत सरकलंच तर तिथे अडतं आणि ठिबकतं.

यंत्र घ्यायचं तर वेग कमी-जास्त करता येणारंच घ्या. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि पाण्यावर चालणारे डायमंड पॅड (रेझिनमध्ये हिऱ्याचे कण बसवलेल्या घोटायच्या चकत्या) साधारण चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या आतच चालवायचे असतात. जास्त वेगात पॅडमधलं रेझिन तापतं आणि त्याचे डाग दगडावर बसतात. फिकट ग्रॅनाइटवर ते फार दिसतात. पाणी आणि वीज एकत्र आली, म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच यंत्र लावलं. धाकटा भाऊ पाण्याची नळी धरून उभा. कंटाळला, पण त्याची धार काही ढळली नाही.

पॅडचे नंबर ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असे चढत जातात, भरडाकडून बारीककडे. सगळ्यांना घाई असते ती ३०००ची. माझं मत विचाराल तर ही कड ५०च्या पॅडवरच ठरते. करवतीच्या रेघा तिथे गेल्या नाहीत, तर पुढचे पॅड त्या रेघांनाच चकाकी देतात. मी सगळ्यात जास्त वेळ ५०वर घालवला. कडेवर मेणखडूने आडव्या रेघा मारायच्या आणि घासायचं. रंग कुठे उरला असेल तर तिथे खड्डा आहे, पॅड अजून पोचलेलं नाही. पुढच्या नंबरला जाण्याआधी कड पुसून पूर्ण कोरडी करायची, कारण ओला दगड खोटं बोलतो. ओला असला की २०० नंबरवरच आरशासारखा वाटतो आणि वाळला की सगळे ओरखडे वर येतात. प्रत्येक पॅडनंतर कड, हात, नळी सगळं धुवायचं; ५०चा एक कण मागे राहिला तर ८००वर नवी रेघ पडते. दाब देऊ नका, यंत्राचं वजन पुरतं. एका जागी थांबायचं मात्र नाही.

सराव कशावर करायचा? सिंकसाठी कापलेला तुकडा टाकून देऊ नका. तोच दगड, तीच जाडी. आम्ही त्याच्या चारही कडा घासून घेतल्या.

कोरडं घासायचा मोह अजिबात नको. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ असतं. ते म्हणजे सिलिकाच. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. त्यामुळे पाणी तर सतत हवंच, वर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्कही हवा. खाली साठलेला चिखल वाळून त्याची धूळ होण्याआधी पुसायचा. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्‌झच्या स्लॅबमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्या वरही असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. त्याची कड मी घरी करणार नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी.

संगमरवर यापेक्षा खूप मऊ: कठीणपणाच्या मोजपट्टीवर ३, ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं ६-७. तिथे ५०चं पॅड जपूनच. कोपरा कधी गेला ते कळत नाही.

३००० झाल्यावर आमची कड वरच्या पृष्ठभागापेक्षा किंचित राखाडी दिसली. स्लॅबच्या वरच्या बाजूवर बहुतेक वेळा कारखान्यातच रेझिन चढवलेलं असतं, कडेवर ते नसतं. रंग गडद करणारा सीलर आधी सिंकच्या तुकड्यावर लावून पाहिला, मग कडेवर. आता फरक शोधावा लागतो.

भिंतीलगतच्या चार बोटांपर्यंत ग्राइंडर पोचलाच नाही. तेवढं हाताने घासायच्या डायमंड पॅडने केलं, त्याच क्रमाने. मनगट दुखलं.